गाठ पडली ठका ठका

आषाढी एकादशी आली की आपल्याकडे घरोघर रताळी उकडली जातात. उपासाला काय चालते आणि काय चालत नाही, याचा काथ्याकूट करण्यात आपण महाराष्ट्रीय मंडळी कोणाला हार जाणारी नव्हे. पण ज्याच्या सोवळेपणाबद्दल आजवर एकाही आजीने शंका घेतली नाही, त्या रताळ्याच्या पोटात एका परक्या पाहुण्याने कित्येक सहस्र वर्षे मुक्काम ठोकला आहे, ही गोष्ट २०१५ साली उघडकीस आली. बेल्जममधील गेन्ट विद्यापीठ आणि पेरू देशातील लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांतील संशोधकांनी लागवडीच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले, तेव्हा त्या साऱ्यांत एका जीवाणूची जनुके सापडली. कोणा प्रयोगशाळेने ती घातलेली नव्हती. मातीत राहणाऱ्या एका जीवाणूने ती आपणहून केव्हातरी घुसवली, आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुळातली रताळी निवडून लावली. पुढे अशाच खुणा चहाच्या झाडात आणि भुईमुगातही आढळल्या. म्हणजे रताळ्याचा कीस, त्यावर दाण्याचे कूट आणि मागाहून कपभर चहा, हा एकादशीचा सारा थाट या पाहुण्याच्या पंगतीतलाच म्हणायचा. उपास मोडला की काय, अशा धास्तीने मात्र कोणी अस्वस्थ होऊ नये. इतकी वर्षे जे पुण्य लागले ते यापुढेही लागेल.

या जीवाणूच्या कुळातल्या एकाचे नाव अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशन्स. नाव भयंकर दिसते, पण अर्थ अगदी सरळ आहे. पहिल्या शब्दात शेत आहे. दुसरा लॅटिन शब्द ‘गाठ उठवणारा’ एवढेच सांगतो. आपण त्याला घरगुती भाषेत ‘गाठ्या’ म्हणू. मनुष्याला जनुके पेरायला शिकवणारा गुरू तो हाच. मात्र गुरू लहरी आहे. शंभरदा विनवले तर दोनदा प्रसन्न होईल, की वीसदा, की एकदाही नाही, याचा नेम नाही. या लहरीला वेसण कशी घालावी, हा गेल्या चाळीस वर्षांतला एक मोठा उद्योग आहे, आणि आजचा विषयही तोच.

मराठीच्या प्राध्यापकाने वृत्ते आणि विभक्ती सोडून या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमची पुतणी. थोरल्या बंधूंची ही मुलगी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तुरीवर संशोधन करते. शेंगा पोखरणारी अळी ज्या तुरीला तोंड लावणार नाही अशी तूर करावी, हा तिचा खटाटोप. गेल्या वर्षी तिला आपल्या कामाबद्दल एका संस्थेत मराठीतून व्याख्यान द्यायचे होते. एका रविवारी ती घरी आली आणि म्हणाली, “काका, एफिशियन्सीला मराठीत काय म्हणायचं?”

“कार्यक्षमता,” मी तत्काळ म्हणालो. शब्दकोश माझ्या तोंडात असतो, असा माझा लौकिक आहे.

“नाही हो काका. कार्यक्षमता कारकुनाची असते. आम्ही बियांचे शंभर तुकडे जीवाणूत बुडवले, तर त्यांतून शेवटी नवं जनुक असलेली झाडं किती मिळाली, तो आकडा मला सांगायचाय.”

मी ‘सफलता’ म्हणून पाहिले, ‘फलप्राप्ती’ म्हणून पाहिले. अखेर स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला : “उतारा म्हणा की. साखर कारखान्यात म्हणतात तसा.” त्यांचे माहेर सांगलीकडचे. शंभर किलो उसातून साखर किती पडली, तो उसाचा उतारा. शंभर तुकड्यांतून झाडे किती आली, तो गाठ्याचा उतारा. शब्द चपखल बसला. पुढे पुतणीकडून एकेक गोष्ट ऐकत गेलो, तिने दिलेले निबंध अडखळत का होईना वाचत गेलो, आणि या विषयाने मला पुरते पछाडले.

गाठ्याची जन्मकुंडली प्रथम मांडली ती १९०७ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील एर्विन स्मिथ व चार्ल्स टाउनसेंड यांनी. डेझीच्या झाडावर उठणाऱ्या ओबडधोबड गाठी एका जीवाणूमुळे होतात, असे त्यांनी दाखवले. झाडाला जमिनीलगत जखम झाली की जीवाणू शिरतो आणि तिथे आवाळू वाढू लागते. इथवर नवल वाटण्यासारखे फारसे नाही. खरे नवल १९४०च्या दशकात रॉकफेलर संस्थेतील आर्मिन ब्राउन यांनी दाखवले, आणि ते दाखवायला त्यांनी जे झाड घेतले ते आपल्या परसातले, गॅलरीतल्या कुंडीतले : सदाफुली! सदाफुली उष्णता फार सोसते. सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश सेल्सिअसच्या उकाड्यात ती तग धरते, जीवाणू मात्र मरतो. ब्राउन यांनी सदाफुलीला गाठ्या टोचला, काही दिवस मोकळीक दिली, मग उष्णतेने त्याला ठार केले. तरी गाठ वाढतच राहिली! चोर मेला, पण घरातली माणसे चोराच्याच शिकवणीने वागू लागली. जीवाणूला फार लवकर मारले तर मात्र गाठ होत नसे. त्या पहिल्या दोन-चार दिवसांत तो पेशीच्या कानात काहीतरी सांगत होता खास. (याच सदाफुलीपासून पुढे कर्करोगावरची औषधे निघाली. गाठीचे कोडे आणि गाठीचे औषध एकाच झुडपाने द्यावे, हा योगायोग मला फार आवडतो.)

तो काय सांगत होता, याचा छडा लागायला तीस वर्षे गेली. १९७४ साली गेन्टमध्ये जेफ शेल आणि मार्क व्हॅन मोंटॅग्यू यांच्या गटाला गाठ्याच्या पोटात एक मोठे वर्तुळाकार डीएनए सापडले. सुमारे दोन लाख अक्षरांची जणू पोथीच. ज्या जीवाणूत ही पोथी नाही तो गाठ उठवू शकत नाही. १९७७ साली सिअ‍ॅटलमध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या पोथीतला एक तुकडा झाडाच्या पेशीत प्रत्यक्ष जाऊन बसतो. मौज अशी, की जीवाणूचा डीएनए झाडात जातो असे सांगणाऱ्या आधीच्या प्रयोगांवर चिल्टनबाईंचा मुळीच विश्वास नव्हता. शंका काढायला निघालेल्या बाईंनीच पुरावा हाती दिला.

त्या तुकड्यात काय असते? दोन प्रकारचे हुकूम. एक, पेशींनो, बेसुमार वाढा. दुसरा, वाढता वाढता एक विशिष्ट अन्न तयार करा, जे तुम्हाला पचणार नाही, मला मात्र पचेल. यालाच आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. फरक इतकाच, की हा नागोबा बीळही दुसऱ्याकडून खणून घेतो आणि जेवणाचा डबाही त्याच्याकडूनच भरून घेतो. आणखी एक गोष्ट निघाली, आणि तिनेच सारे फासे फिरवले. तुकड्याच्या दोन टोकांना पंचवीस-पंचवीस अक्षरांच्या दोन खुणा असतात. गाठ्या फक्त खुणा पाहतो. खुणांच्या मधले पत्र तो वाचत नाही, नुसते पोचवतो. पोस्टमनचा हा गुण लक्षात येताच शास्त्रज्ञांनी पाकिटातला गाठीचा मजकूर काढून टाकला आणि आपला मजकूर भरला. गाठ पडली ठका ठका ती अशी! १९८३च्या जानेवारीत मायामी येथील परिषदेत गेन्टचा गट, चिल्टनबाईंचा गट आणि मोन्सँटो कंपनीचा गट अशा तिघांनी, आम्ही झाडाच्या पेशीत परके जनुक बसवले, असे एकाच वेळी जाहीर केले. पेटंटचे भांडण त्यानंतर अमेरिकेत वीस वर्षांच्या वर चालले. त्या इतिहासात शिरण्याची मला हौस नाही.

१९८५ साली मोन्सँटोच्या रॉबर्ट हॉर्श आणि सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. पानाच्या चकत्या कापायच्या, जीवाणूच्या पाण्यात बुडवायच्या, दोन-तीन दिवस एकत्र ठेवायच्या, मग औषध घालून जीवाणू मारायचा आणि चकत्यांतून रोपे उगवून घ्यायची. पेट्यूनिया, तंबाखू, टोमॅटो यांच्यावर ही रीत झकास चालली. वाटले, झाले, आता उद्या गहू, परवा तूर. पण तंबाखू ही या शास्त्रातली फार मवाळ बाई. तिच्या जिवावर साऱ्या वनस्पतिसृष्टीबद्दल बोलणे म्हणजे एका गरीब विद्यार्थ्यावरून सगळ्या वर्गाची परीक्षा करण्यासारखे आहे. हे मी अनुभवाने सांगतो.

उतारा वाढवण्याचा प्रश्न इथे सुरू होतो. आकडा ऐकताना प्रथम हे विचारले पाहिजे की एका प्रयत्नाची किंमत काय. मोहरीच्या नात्यातले अरॅबिडॉप्सिस नावाचे एक चिमुकले तण शास्त्रज्ञांचे लाडके आहे. १९९८ साली इलिनॉय विद्यापीठातील स्टीव्हन क्लफ आणि अँड्र्यू बेंट यांनी त्याचे फुलांचे तुरे साखरेच्या पाण्यात कालवलेल्या जीवाणूत नुसते बुडवून काढले. पाण्यात शंभराला पाच भाग साखर आणि पान नीट भिजावे म्हणून साबणासारखे एक द्रव्य, एवढाच मसाला. झाडाला बी धरले, तेव्हा शंभर बियांत अर्धे ते तीन इतक्या बिया नव्या जनुकाच्या निघाल्या. उतारा नगण्य, पण बिया हजारोंनी येतात आणि श्रम घटकाभराचे. तिथे तीन टक्के म्हणजे चैन. आमच्या पुतणीच्या तुरीचे तसे नाही. बी सोलून, दलांच्या बेचक्यातून सुरीने अचूक तुकडा काढायचा, आणि त्या एका तुकड्याची महिनोन्‌महिने दाईसारखी सेवा करायची. तिथे तीन टक्के म्हणजे सत्त्याण्णव वेळा फुकट गेलेले बाळंतपण.

पुतणीच्या म्हणण्याप्रमाणे या कामात दोन दारे आहेत. एक, गाठ्याने पेशीत शिरण्याचे. दुसरे, त्या पेशीने पुरे झाड होण्याचे. पहिल्या दाराची कुलपे बरीचशी उघडली आहेत. जीवाणू काही उगाच कामाला लागत नाही. झाडाला जखम झाली की तिच्यातून काही द्रव्ये पाझरतात, त्यांचा वास लागला की त्याची यंत्रणा जागी होते. १९८५ साली गेन्टच्याच गटाने जखमी तंबाखूतून असे एक द्रव्य वेगळे काढले : अ‍ॅसिटोसिरिंगोन. मग प्रश्न सोपा झाला. ज्या झाडाच्या जखमेतून ते पुरेसे येत नाही, त्याच्याकरिता ते बाहेरून घाला. घरात कोणी आजारी नसताना वैद्याला खोटा निरोप धाडावा, तसला हा प्रकार. पण वैद्य धावत येतो. भोवतीचे पाणी किंचित आंबट हवे, त्यात थोडी साखर हवी. भाताची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. गवताच्या कुळातल्या झाडांना गाठ्या शिवतच नाही, असा समज वर्षानुवर्षे दृढ होता. १९९४ साली जपानच्या तंबाखू कंपनीतील युकोह हिएई व सहकाऱ्यांनी भाताच्या दाण्यातल्या कोवळ्या, झपाट्याने विभागणाऱ्या पेशींचा पुंजका घेतला, त्याला अ‍ॅसिटोसिरिंगोन दिले, जास्त आडदांड जातीचा गाठ्या वापरला, आणि भाताने हार खाल्ली. दोन वर्षांनी त्याच कंपनीत मक्यावर शंभरी पाच ते तीस असा उतारा पडला.

आणि उष्णता. जीवाणू अठ्ठावीस अंशांवर उत्तम वाढतो, म्हणून कोणालाही वाटेल की त्याला तिथेच ठेवावे. पण वाढणे वेगळे आणि काम करणे वेगळे. पेशीला भिडण्याकरिता तो जी बारीक नळी उभारतो, ती उबेत नीट उभी राहत नाही. जनुक सोपवण्याचे त्याचे काम एकोणीस ते बावीस अंशांच्या थंडाव्यात चांगले चालते, असे १९९० नंतरच्या दशकातल्या प्रयोगांनी ठरवले. ही गोष्ट पुतणीने पुस्तकात वाचलीच होती, पण तिचा अर्थ तिला एका मे महिन्यात समजला. शनिवारी रात्री प्रयोगशाळेची वीज गेली. पर्यायी यंत्र होते, पण त्यातले डिझेल संपले होते, आणि ज्या गृहस्थांकडे त्याची जबाबदारी होती ते लग्नाला गावी गेले होते. सोमवारी सकाळी खोलीचे कुलूप काढले, तेव्हा आत तेहेतीस अंश होते. चारशे तुकडे, पाच आठवड्यांची तयारी. तुकडे हिरवेगार दिसत होते, जीवाणूही सुखात होता. फक्त त्याने काम केले नव्हते. पोरगी रडली नाही. घरी येऊन तिने दोन वेळचे जेवण एकदम जेवले आणि झोपून गेली.

झाडही काही मुकाट्याने सोसत नाही. जीवाणूच्या अंगातल्या एका प्रथिनाची ओळख पटवणारा पहारेकरी पेशीच्या दारात बसलेला असतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये हा पहारेकरी काढून टाकला तर गाठ्याचे काम जास्त साधते, असे २००६ साली सिद्ध झाले. शिवाय चिरलेले वांगे काळे पडते तसे चिरलेले तुकडेही तपकिरी पडतात आणि मरतात. सोयाबीनच्या बाबतीत २००१ साली मिनेसोटा विद्यापीठात सिस्टीन नावाचे द्रव्य घालून पाहिले, तेव्हा तपकिरीपणा उतरला आणि जनुक जास्त पेशींत पोचले. वांगे चिरून पाण्यात टाकणाऱ्या आपल्या गृहिणींना या युक्तीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. मग उरते ती पाहुण्याला निरोप देण्याची कला. दोन-तीन दिवसांहून अधिक राहू दिला तर ‘भटाला दिली ओसरी’ची गत होते, जीवाणू तुकडाच गिळून बसतो. लवकर घालवला तर निरोप पोचत नाही. ब्राउन यांनी सदाफुलीवर ओळखलेला तो तीन-चार दिवसांचा मुहूर्त आजही असा पाळावा लागतो.

आता दुसरे दार. हे अधिक जड आहे, आणि बाहेरच्या जगाला याची फारशी कल्पना नसते. एका पेशीपासून सबंध झाड उठवायचे! टिश्यू कल्चरची केळी आज बाजारात सर्वांच्या ओळखीची झाली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९९० साली काचेच्या बाटलीत बांबूला फुले आणून जगाला चकित केले होते. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी दाखवले, की दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले की पेशींच्या गोळ्यातून कधी मूळ फुटते, कधी कोंब. पण कोणत्या झाडाला कोणते प्रमाण, हे अजून बरेचसे हातानेच शोधावे लागते. आणि खोच अशी आहे, की ज्या पेशीत जनुक शिरते ती झाड होऊ शकतेच असे नाही. जी झाड होऊ शकते तिच्यात जनुक शिरलेले असतेच असे नाही. पुतणीने मला एकदा सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे दाखवले. जिथे जनुक पोचले तिथे निळा रंग उमटतो, अशी त्यात सोय असते. हिरवट-पांढऱ्या तुकड्यावर निळे ठिपके, आभाळात चांदण्या असाव्यात तसे. मी आनंदाने म्हणालो, “अगं, हे तर उदंड पीक आलंय!”

“काका, हे तिसऱ्या दिवसाचे ठिपके आहेत. पेशीत पत्र पोचलं एवढंच. त्यातलं कायमचं किती जणांच्या पोथीत शिवलं जाईल, आणि शिवलेल्यांतली किती कोंब धरतील? या तुकड्यावर मोजून चाळीस ठिपके आहेत. कोंब कदाचित एकही येणार नाही.”

हे ठिपके मोजून उतारा जाहीर करण्याचा मोह संशोधकांना होतो, हेही तिनेच सांगितले. म्हणून निबंध वाचताना ती प्रथम पाहते, की भागाकाराच्या खाली काय धरले आहे आणि वर काय. वर ठिपके, की कोंब, की पुढच्या पिढीला जनुक देणारी झाडे? एकाच्या चाळीस टक्क्यांपेक्षा दुसऱ्याचे दोन टक्के श्रेष्ठ असू शकतात. हे ऐकून मला आमच्या महाविद्यालयाच्या निकालाची जाहिरात आठवली.

या जड दाराचा परिणाम प्रयोगशाळेत राहत नाही, तो शेतापर्यंत जातो. कोणत्या वाणात जनुक घालायचे, हे शेतकऱ्याच्या गरजेवर न ठरता कोणता वाण काचेत उगवतो यावर ठरत आले. मक्यात ए१८८ नावाचा, शेताच्या दृष्टीने टाकाऊ, वाण वर्षानुवर्षे वापरला गेला, कारण तो सोयीचा. कापसात अमेरिकेतला कोकर ३१२. बोंडअळीला मारणारे जनुक गाठ्याच्या हातून त्या कोकरमध्ये घातले गेले. मग जालन्याच्या महिको कंपनीने ते संकराने आपल्या कपाशीच्या वाणांत उतरवले : परक्या मुलुखातल्या घराण्याशी सोयरीक करायची, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मूळच्या घराण्याशीच लग्ने लावत परका अंश धुऊन काढून फक्त तेवढा एक दागिना राखायचा. त्यात वर्षे जातात. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने या कंपनीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू जमिनीत पूर्वापार टिकणारी आखूड धाग्याची देशी कपाशी मात्र काचेत हट्टी. तिच्या वाट्याला हा दागिना आला नाही. पुढे शेंदरी बोंडअळी या विषाला सरावली, आणि २०१७च्या खरिपात महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांनी जे भोगले ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. त्या अनर्थाला कारणे अनेक, आणि ती या लेखाच्या कक्षेबाहेरची. पण एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही : उतारा बरा असता, आणि सरकारी संशोधन केंद्रांतल्या साध्या खोल्यांतही हव्या त्या वाणावर हे काम वर्षभरात होऊ शकले असते, तर शेतकऱ्यापुढे निवडीला आणखी काही वाण असते की नाही? बीटी वांग्याला २०१० साली आपल्याकडे स्थगिती मिळाली, ती योग्य की अयोग्य यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. पण ज्याला जनुक पेरताच येत नाही, त्याला पेरावे की न पेरावे हा प्रश्न पडण्याचेही भाग्य नाही. पेरणारा हात चार-दोन कंपन्यांचाच राहिला, तर होकार काय आणि नकार काय, दोन्ही त्यांनाच उद्देशून.

अलीकडे मात्र या दुसऱ्या दाराची किल्ली सापडल्यासारखे दिसते. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट पायोनिअर कंपनीच्या संशोधकांनी गाठ्याच्या पाकिटात मुख्य पत्राबरोबर आणखी दोन चिठ्ठ्या घातल्या. एका जनुकाचे नाव ‘बेबी बूम’, दुसऱ्याचे ‘वुशेल’. ही जनुके पेशीला गर्भ होण्याचा हुकूम देतात. जी पेशी पत्र घेईल तिलाच झाड होण्याची आज्ञाही मिळेल, असा डाव. मक्याचे जे वाण आजवर दाद देत नव्हते तेही वठणीवर आले. या चिठ्ठ्या काम झाल्यावर काढून टाकाव्या लागतात, नाहीतर झाड सरळ वाढत नाही. त्याचीही सोय पाकिटातच केलेली असते. २०२० साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे होर्हे दुबकोव्स्की यांच्या प्रयोगशाळेने गव्हाची स्वतःचीच दोन जनुके जोडून तसाच गुण मिळवला, आणि ते झाड सुपीकही राहते. जनुकाला कात्री लावण्याची जी नवी विद्या निघाली आहे, तिलाही या प्रगतीची फार निकड आहे, कारण कात्री पेशीत पोचवायला पुष्कळदा हाच जुना हमाल लागतो. मे २०२५ मध्ये आपल्या देशाने कात्री लावून केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. भात वळला, डाळी अजून वळायच्या आहेत.

पुतणीनेही तुरीवर तशीच एक चिठ्ठी घालून पाहायचे ठरवले आहे, पण ती पुढची गोष्ट. जुन्या रीतीनेच, खोली बावीस अंशांवर ठेवून, सिस्टीन घालून आणि सुरीचा हात सुधारून तिने दोन वर्षांत अकरा रोपे उभी केली. तपासणीत त्यांतल्या चार रोपांत जनुक निघाले. बाकीची सात औषधातून कशी निसटली कोण जाणे. चारांतले एक रोप काचगृहात मान टाकून गेले. तीन कुंड्या आहेत. मी ती झाडे पाहून आलो. आपल्या शेतातल्या तुरीसारखीच ती दिसतात, पिवळी फुले आली आहेत, आणि प्रत्येक फांदीला जाळीची पिशवी बांधली आहे, म्हणजे बाहेरची मधमाशी परागकण आणणार नाही. आता त्यांच्या बिया पेरायच्या आणि चारांतल्या तिघांत जनुक उतरते का हे पाहायचे. तसे उतरले तरच ते पक्के बसले म्हणायचे. शेंगा पौषात भरतील. उतारा किती पडला म्हणून विचारले, तर पोरगी म्हणाली, “काका, पौषानंतर विचारा.”